तुंब्यापासून हबपर्यंत : चाकाच्या बेअरिंगचा आणि घरच्या दुरुस्तीचा इतिहास

बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागी जो जाड लाकडी गड्डा असतो त्याला तुंबा म्हणतात. तुंब्यातून आरे निघतात, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे बसतात आणि पुठ्ठ्यांवर लोखंडी धाव चढवलेली असते. तुंब्याच्या भोकातून आस जातो आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ घालतात. धाव दगडगोट्यांवर झिजते; पण चाक जड करणारी झीज आत होते, आस आणि तुंबा जिथे एकमेकांना घासतात तिथे. त्यासाठी गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. लांबच्या वाटेला निघण्याआधी गाडीवान खीळ काढी, चाक थोडे बाहेर ओढी आणि आसाला वंगण चोपडी. सुताराकडे तो जाई तो तुंबा फुटला किंवा आरा निखळला म्हणजे. वंगणाचे काम त्याचे स्वतःचे होते.

मोटारीच्या चाकातही ही जागा आहे. तुंब्याचा हब झाला, आसाच्या टोकाला स्पिंडल म्हणू लागले आणि दोघांच्या मध्ये बेअरिंग आले. गाडीचा सगळा भार याच चार जागांवरून रस्त्यावर उतरतो. तरीही आज मोटार चालवणाऱ्या बहुतेकांनी ही जागा उघडलेली पाहिलेली नाही. चाकातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला की गाडी गॅरेजमध्ये जाते आणि बिलावर एक ओळ वाढून परत येते. वंगणाचे नळकांडे मालकाच्या हातातून कसे गेले आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळाले, हे पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

गोळ्यांची जुनी कल्पना

घासण्यापेक्षा घरंगळणे सोपे, हे माणसाला फार पूर्वी कळले होते. मोठे दगड ओंडक्यांवरून सरकवणे हा त्याचाच भाग. रोमजवळच्या नेमी सरोवरातून १९२८ नंतरच्या काही वर्षांत पाणी उपसून सम्राट कॅलिगुलाच्या काळातली दोन प्रचंड जहाजे उघडी करण्यात आली. त्यांत फिरत्या चौथऱ्याचे अवशेष सापडले आणि त्याखाली आधाराला काशाचे गोळे होते. म्हणजे ही कल्पना इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्रत्यक्षात आलेली होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो दा विंचीने आपल्या वहीत गोळे एकमेकांना घासू नयेत म्हणून त्यांना वेगवेगळे ठेवणारी रचना रेखाटली. आजच्या बेअरिंगमध्ये जो पिंजरा असतो त्याचे हे पूर्वरूप. ती वही माद्रिदच्या ग्रंथालयात हरवल्यासारखी पडून होती आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उजेडात आली. त्यामुळे तिचा पुढच्या कारागिरांवर काही परिणाम झाला असे म्हणता येत नाही.

गाडीच्या चाकासाठी गोळ्यांचे बेअरिंग पेटंट करून घेणारा माणूस वेल्समधला. कार्मार्थनचा फिलिप वॉन याने १७९४ साली घोडागाडीच्या आसासाठी हे पेटंट घेतले. आसावर खोबण, तिच्यात लोखंडी गोळे आणि त्यांवर फिरणारे चाक, अशी ही रचना. कल्पना बरोबर होती. पण ती पुढे जवळजवळ पाऊणशे वर्षे फारशी रुजली नाही. कारण गोळ्यांत होते. दहा गोळ्यांतला एक जरी केसभर मोठा असला तरी सगळा भार त्या एकावर येतो. गोळा मऊ असेल तर चेपतो, ठिसूळ असेल तर फुटतो. सारख्या मापाचे, पूर्ण गोल आणि कडक पोलादी गोळे हजारांनी तयार होईपर्यंत वॉनची कल्पना कागदावरच राहणार होती.

हे कोडे सुटले ते सायकलमुळे. सायकलस्वार स्वतःच्या पायांनी चाक फिरवतो, त्यामुळे घर्षण किती हे त्याला दर मैलाला कळते. पॅरिसमधला सायकल कारागीर ज्यूल स्यूरिरे याने १८६९ मध्ये सायकलच्या बेअरिंगचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पॅरिस ते रूआँ या शर्यतीत जेम्स मूर गोळ्यांच्या बेअरिंगची सायकल घेऊन पहिला आला. १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशरने पोलादी गोळे एकसारखे घासून काढणारे यंत्र तयार केले. ते गाव पुढे बेअरिंगचे गाव म्हणून जगभर ओळखले जाऊ लागले.

आपल्याकडे सायकलच्या दुकानात ज्यांना छर्रे म्हणतात ते हेच गोळे. कोन सैल करायचा, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, एखादा फुटका असेल तर बदलायचा, ग्रीस भरून पुन्हा कोन आवळायचा. चाक डगमगायला नको आणि जडही जायला नको, इतपत. हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलांनीही पिढ्यान्‌पिढ्या अंगणात केले आहे. बैलगाडीच्या मालकाकडे असलेली काळजी इथेही मालकाकडेच राहिली. तिला फक्त मापाची जोड मिळाली.

मोटारीची अडचण

मोटारीच्या चाकाला सायकलपेक्षा वेगळा त्रास असतो. गाडी वळणावर गेली की भार नुसता खाली येत नाही, आडवाही येतो. सरळ गोळ्यांच्या बेअरिंगला हा आडवा धक्का जड जातो. यावर अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या कारखानदाराने उपाय काढला. १८९८ मध्ये त्याला शंकूसारख्या, एका बाजूला निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट मिळाले. निमुळते रोलर तिरके बसलेले असल्याने ते उभा आणि आडवा असे दोन्ही भार घेतात. अशी दोन बेअरिंगे एकमेकांच्या विरुद्ध तोंडाने बसवली की चाक दोन्ही बाजूंनी धरले जाते. या रचनेचा आणखी एक गुण मालकाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. झीज झाली की बाहेरचा नट थोडा आवळून सैलपणा काढून टाकता येई.

सुरुवातीच्या मोटार कंपन्यांनी मालकाला या कामात गृहीत धरले होते. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत पुढची चाके अधूनमधून जॅकवर उचलून तपासावीत, असे सांगितलेले आहे. चाक फिरवताना मधूनच टक्‌ असा आवाज होऊन ते क्षणभर अडले, तर आतला गोळा फुटला असण्याचा संभव आहे. तो काढून टाकावा, नाहीतर सगळे बेअरिंग जाईल. बरोबर बसवलेले चाक थांबताना हवेच्या व्हॉल्व्हची बाजू खाली घेऊन थांबते, अशीही खूण दिली आहे. व्हॉल्व्हचे वजन ते किती! तेवढ्या वजनाने चाक खाली ओढले जावे इतके ते हलके फिरले पाहिजे. कोणतेही उपकरण न वापरता घर्षण मोजण्याची ही पद्धत शेतकऱ्याला सांगितलेली होती, कारण ही गाडी घेणाऱ्यांत शेतकरी पुष्कळ होते.

भारतात ही शिकवण पोचली ती मुख्यतः जीपमधून. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी जोडायला सुरुवात केलेल्या जीपगाड्या यांच्या चाकांत टिमकेन पद्धतीची दोन-दोन बेअरिंगे असत. त्यांचे काम घरच्या अंगणात होण्यासारखे होते. जीप सपाट जागी उभी करून दुसऱ्या चाकांना दगड लावायचे, जॅकने उचलून खाली घोडी द्यायची. चाक काढले की हबच्या तोंडाशी दोन नट आणि त्यांच्यामध्ये वाकवलेली पत्र्याची चकती. ती सरळ करून नट काढले की बाहेरचे बेअरिंग हातात येते आणि हब ओढला की आतले. दोन्ही रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, उजेडात एकेक रोलर फिरवून पाहायचा. निळसर डाग म्हणजे तापलेले, खड्डे म्हणजे थकलेले, तांबूस रेघ म्हणजे पाणी शिरलेले. चांगले असेल तर तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरच्या फटीतून दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत दाबायचे. खराब असेल तर बाहेरची कडी पितळी ड्रिफ्टने आडव्यातिडव्या जागी थोडे थोडे ठोकून काढायची आणि नवी तशीच सरळ बसवायची. शेवटी चाक फिरवत फिरवत नट आवळायचा आणि मग किंचित मागे घ्यायचा. हा किंचितपणा पुस्तकात लिहिता येतो, पण कळतो हातालाच.

बेअरिंग का मरते

बेअरिंगला नीट ग्रीस मिळाले, धूळ लागली नाही, तरी ते कधीतरी जाणारच. हे गणिताने मांडणारा माणूस स्वीडनच्या एसकेएफ कंपनीतला आर्विड पाल्मग्रेन. या कंपनीचा उगमच एका वैतागातून झाला होता. गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट हा अभियंता होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती सरकली की लांबलचक शाफ्ट वाकडे होत आणि बेअरिंगे जात. त्याने १९०७ मध्ये शाफ्टबरोबर स्वतः झुकणारे बेअरिंग काढले आणि कंपनी सुरू झाली. तिथेच पाल्मग्रेनने १९२४ मध्ये बेअरिंगच्या आयुष्याचा सिद्धांत मांडला आणि १९४७ मध्ये गुस्ताव लुंडबर्गबरोबर त्याला पक्के रूप दिले. गोळ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मे होत नाही, एक अष्टमांश होते. शिवाय एकसारख्या शंभर बेअरिंगांतले प्रत्येक किती चालेल हे सांगता येत नाही. नव्वद किती चालतील हे सांगता येते. बेअरिंगचे छापील आयुष्य म्हणजे ही नव्वदांची खात्री.

प्रत्यक्षात मोटारीची बेअरिंगे बहुधा या शुद्ध थकव्याने जात नाहीत. खड्ड्यात चाक आपटले की गोळ्यांचा ठसा कडीवर उमटतो. पावसाळ्यात पाण्यातून गाडी नेली आणि सील जुने झाले असेल तर आत पाणी शिरते, ग्रीस दुधासारखे पांढरे होते आणि गंज चढतो. एक कारण तर गाडी उभी असतानाचे आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत रेल्वेने दूर पाठवलेल्या नव्या मोटारींच्या चाकांतून पहिल्याच दिवशी आवाज येऊ लागले. जे. ओ. आल्मेन या जनरल मोटर्सच्या संशोधकाने १९३७ मध्ये याचा उलगडा केला. डब्यात बांधलेल्या गाडीची चाके फिरत नसत, पण हादरे लागत. गोळे एकाच जागी सूक्ष्म मागेपुढे होत, तिथले ग्रीस बाजूला सरे आणि कडीवर खुणा पडत. न फिरणारे बेअरिंगही झिजते, हे त्यातून कळले.

घुमण्याचा आवाज कुठल्या चाकातून येतो हे ओळखण्याची युक्तीही या भाराच्या गणितातूनच आलेली आहे. उजवीकडच्या लांब वळणावर भार डाव्या चाकावर जातो. तिथे आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूवर. चाक उचलून एका हाताने फिरवावे आणि दुसरा हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवावा. खरखर बोटांना जाणवते.

क्रमांकाची मुभा

इथपर्यंत मालकाला दोन गोष्टी मिळालेल्या होत्या : बेअरिंग उघडून पाहण्याची सोय आणि आवळण्याची सोय. तिसरी गोष्ट तितकीच मोलाची होती, पण तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी जाते. ती म्हणजे कडीवर कोरलेला क्रमांक.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेअरिंगची बाहेरची मापे देशोदेशी एकसारखी ठरत गेली. ६२०५ हा क्रमांक घ्या. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास, २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५. हे बेअरिंग जपानचे असो, जर्मनीचे असो की जयपूरचे, ते त्याच जागी बसते. विलीज जीपच्या चाकातल्या कोनवर १८५९० आणि कपवर १८५२० असे आकडे असत. दुकानात गाडीचे नाव सांगायची गरज नव्हती. आकडा सांगितला की पुरे. गाडी बनवणारी कंपनी बंद पडली तरी गाडी चालू राहू शकत होती.

या क्रमांकामागे उभा असलेला कारखाना किती महत्त्वाचा, हे महायुद्धाने दाखवून दिले. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी श्वाइनफुर्टवर हल्ला केला, तो तिथले बेअरिंगचे कारखाने मोडण्यासाठी. त्या एका दिवसात त्यांनी ६० विमाने गमावली. ब्रिटन त्याच काळात स्वीडनहून बेअरिंगे विमानांतून आणि वेगवान बोटींतून लपवून आणत होता. स्वतंत्र भारताने हा धडा लवकर घेतला. १९४६ मध्ये जयपूरला स्थापन झालेल्या नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीजने १९५० मध्ये बेअरिंग उत्पादन सुरू केले. १९६० च्या दशकात एसकेएफचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडला उभा राहिला. पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास सांगताना मोटारी आणि स्कूटरची नावे पुढे येतात. पण त्यांच्या चाकांत फिरणारी वस्तूही तिथेच घडत होती.

बेअरिंग बैलगाडीतही आले. रबरी टायर आणि बेअरिंगचा लोखंडी आस असलेल्या गाड्या साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर उसाची वाहतूक करू लागल्या. प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत बैलगाडी सुधारण्याचा ध्यास घेतला, तेव्हा बैलाच्या खांद्यावरचा भार हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. घर्षण कमी होणे म्हणजे काय, हे मोटारमालकापेक्षा त्या बैलाला अधिक कळले असेल.

सीलबंद

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या भारतात घरोघर पोचल्या. अशा गाडीत पुढच्या हबमधून इंजिनाकडचा शाफ्ट आरपार जातो, म्हणून जुनी स्पिंडलची मांडणी तिथे चालत नाही. जगभरच्या अशा गाड्यांत हळूहळू दुहेरी रांगांचे, कारखान्यातच ग्रीस भरून सील केलेले बेअरिंग रूढ झाले. त्याचा सैलपणा आधीच ठरवलेला असतो, त्यामुळे आवळण्याचे काम उरले नाही. कारखानदार याला पहिली पिढी म्हणतात. दुसऱ्या पिढीत एका कडीलाच फ्लँज आला. तिसऱ्या पिढीत दोन्ही कड्यांना फ्लँज आला आणि चाकाचा वेग मोजणारा सेन्सरही आत बसला.

पहिल्या पिढीने घरच्या दुरुस्तीला खरी अडचण घातली. बेअरिंग नकलमध्ये काही टनांच्या दाबाने बसवलेले असते. नकल सोडवून न्यावे लागते, हब दाबून बाहेर काढावा लागतो, आतली अर्धी कडी बहुतेक वेळा हबलाच चिकटून येते आणि ती पुलरने ओढावी किंवा जपून कापावी लागते. नवे बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या कडीवरच द्यायचा आणि हब आत दाबताना आतल्या कडीला खालून आधार द्यायचा. ही अदलाबदल झाली की सगळा जोर गोळ्यांतून जातो आणि नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते. हातोड्याचेही तेच. ज्या गाड्यांत बेअरिंगच्या सीलवरच चुंबकीय पट्टी असते, तिथे ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. उलटे बसले तर एबीएसचा दिवा लागतो आणि पुन्हा सगळे खोलावे लागते. शाफ्टचा नट ठरलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळल्याशिवाय गाडीचा भार त्या चाकावर टाकायचा नाही, नाहीतर आतल्या दोन अर्ध्या कड्या सुटतात. प्रेस नसलेल्या माणसाने खोलणे आणि जोडणे घरी करावे आणि दाबण्यापुरते लेथवाल्याकडे जावे, हा मधला मार्ग अनेकांनी काढला. तो शहाणपणाचा आहे.

तिसऱ्या पिढीने हे काम पुन्हा घरी आणले. ब्रेक काढायचा, शाफ्ट असेल तर त्याचा नट सोडायचा, मागचे तीन-चार बोल्ट काढायचे, सेन्सरची तार सोडवायची, गंजाने धरलेला हब हलवून बाहेर घ्यायचा, जागा साफ करून नवा लावायचा. प्रेस लागत नाही, किंचित मागे घेण्याचे कसब लागत नाही. जीपच्या बेअरिंगपेक्षा यात चुकण्याच्या जागा कमी आहेत.

मात्र क्रमांकाची मुभा इथे बरीच कमी झाली. फ्लँजची जाडी, भोकांची जागा, सेन्सरचा प्रकार हे सगळे गाडीच्या मॉडेलनुसार ठरते. ६२०५ कुठल्याही बाजारात मिळते. हा हब मिळतो त्या गाडीसाठी काढलेल्या डब्यात. ते मॉडेल विस्मृतीत गेले की डबाही दुर्मीळ होतो. आतले दोनचार रुपयांचे सील गेले तरी बदलायचा तो संपूर्ण हब.

सीलबंद हब ही मालकाविरुद्धची चाल होती, असे काही जुने कारागीर म्हणतात. इतिहास त्यांना पाठिंबा देत नाही. टिमकेनला जे हवे होते, आल्मेनने जे शोधले, पाल्मग्रेनने जे मोजले, त्याच वाटेवरचा हा पुढचा टप्पा आहे. माणसाच्या हाताने कमीजास्त आवळले जाणे हे बेअरिंग लवकर जाण्याचे मोठे कारण होते आणि सील करून ते दूर झाले. वंगणाचे नळकांडे टांगून फिरणाऱ्या गाडीवानाला हा हब दाखवला असता, तर त्याने तो आनंदाने घेतला असता. दर मुक्कामाला चाक ओढण्याचे कष्ट ज्याने केले आहेत त्याला त्या कष्टांची हौस नसते.

तरीही हिशेब मांडताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. काळजीचे काम मालकाच्या हातून गेले, ते गेले याचे दुःख नको. पण सुटे भाग कुठूनही घेण्याचा हक्क त्याबरोबर जाण्याचे यांत्रिक कारण काही नव्हते. बेअरिंगची मापे एकदा जगभर ठरवता आली. फ्लँजची आणि बोल्टांची काही मोजकी मापे ठरवणे त्याहून अवघड नाही. ट्रकच्या चाकांचे बोल्ट, बल्बची टोपी, सिलिंडरचा व्हॉल्व्ह या बाबतीत हे झालेले आहे. गाड्या दहा-पंधरा वर्षे चालवणाऱ्या आपल्यासारख्या देशाने ही मागणी करायला हवी. ती वाहन उत्पादकांच्या बैठकीत आपोआप होणार नाही, कारण तिथे गाडी विकणारा बसतो, जुनी गाडी चालवणारा नाही.

तोवर घरी हे काम करणाऱ्याने एक जुनी सवय ठेवावी. बदललेला हब भंगारात टाकण्यापूर्वी सील उचकटून आत पाहावे. खड्डे आहेत की गंज, ग्रीस काळे आहे की पांढरे, एका बाजूची रांग जास्त खराब आहे का. रस्त्याने मारले, पाण्याने मारले की बसवणाऱ्याने, हे तिथे लिहिलेले असते. पुढचे बेअरिंग किती टिकेल ते बरेचसे या वाचनावर अवलंबून असते आणि त्याला पितळी ड्रिफ्टही लागत नाही, फक्त रॉकेल, चिंधी आणि उजेड लागतो.